निगेटिव्ह म्हणण्याआधी

सरकारी दवाखान्यातला प्रयोगशाळा पर्यवेक्षक वारला, की घरी भेटायला येणारी माणसं त्याच्या स्वभावाबद्दल भरभरून बोलतात. पोरांना घेऊन अभ्यासाला बसायचे, भावंडांना धरून होते, अडीनडीला कुणालाही नाही म्हटलं नाही. कामाचा विषय निघाला, की मात्र बोलणं एका वाक्यात आटोपतं: "रक्त-लघवी तपासायचे." यात कुणाचा दोष नाही. आजारी माणूस डॉक्टरला पाहतो, नर्सबाईंना पाहतो. प्रयोगशाळेतल्या माणसाशी त्याचा संबंध सुई टोचून घेण्यापुरताच येतो. पुढचं सगळं दाराआड चालतं आणि हातात पडतो तो एक कागद. म्हणून अशा माणसाची आठवण काढायची, तर आधी त्याचं काम समजून घ्यावं लागतं. ते समजून घ्यायला पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याचा मुलूख घेऊ. तिथे एका कागदावर किती काय अवलंबून असतं, ते लगेच कळतं.

वावरचा धडा

जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीचं नाव राज्याला ठाऊक झालं ते 1992-93 मध्ये, कुपोषणानं झालेल्या बालमृत्यूंमुळे. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता; पालघर जिल्हा झाला 1 ऑगस्ट 2014 रोजी. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी अशी वस्ती, डोंगरउतारावर नागली-वरईची शेती आणि भाताची खाचरं. पीक निघालं की घरंच्या घरं वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर कामाला जातात. जवळ उपचारासाठी जव्हारचं पतंगशाह कुटीर रुग्णालय, मोखाड्याचं ग्रामीण रुग्णालय, खोडाळ्यासारख्या गावांतली प्राथमिक आरोग्य केंद्रं. त्यापलीकडचं मोठं रुग्णालय गाठायचं तर नाशिकची किंवा ठाण्याची वाट धरायची.

कुपोषण म्हटलं की डोळ्यांपुढे रिकामं ताट येतं आणि ते बरोबरच आहे. पण पोट भरू लागल्यावरही एखाद्या पोराचं वजन वाढत नाही, तेव्हा कारण आत शोधावं लागतं. पोटात जंत आहेत का? हिवताप वरचेवर येऊन रक्त कमी करतोय का? घरातल्या आजोबांच्या खोकल्यातून पोराला क्षयाची बाधा झाली आहे का? जन्मतःच सिकलसेल आहे का? चारही पोरं बाहेरून सारखीच दिसतात, तितकीच किडकिडीत आणि किरकिरी. उपचार मात्र चौघांचे वेगळे. कुणाला काय झालंय हे ठरवण्याचं निम्मं काम प्रयोगशाळेत होतं. तिथे चूक झाली, तर चांगला डॉक्टरही आत्मविश्वासानं चुकीचं औषध देतो.

शंभर क्षेत्रं

प्रयोगशाळेतल्या कामाचा कस पाहायचा असेल, तर क्षयाची काच पाहावी. रॉबर्ट कॉख यांनी 24 मार्च 1882 रोजी क्षयाचा जंतू जगापुढे मांडला. त्याच दशकात त्याला रंगवण्याची झील-नील्सन पद्धत रुळली आणि ती आजही तालुक्याच्या दवाखान्यात वापरली जाते.

सुरुवात होते ती रुग्णाला नीट सांगण्यापासून. डबीत थुंकी चालत नाही, बेडका लागतो. दीर्घ श्वास घेऊन, छातीतून खोकून काढलेला. उघड्या हवेत, लोकांपासून लांब उभं राहून. हे ज्याला रुग्णाच्या बोलीत समजावता येत नाही, त्याच्याकडे नुसती लाळ भरलेल्या डब्या येतात आणि पुढची सगळी मेहनत फुकट जाते. मग काडीनं बेडक्यातला पिवळसर, घट्ट भाग निवडायचा आणि काचेवर साधारण दोन बाय तीन सेंटिमीटरचा पातळ थर पसरायचा. वाळवून, आचेवरून फिरवून तो पक्का करायचा. त्यावर कार्बोल फुक्सिन हा लाल रंग ओतून खालून आच द्यायची. वाफ दिसली पाहिजे, पण रंग उकळता कामा नये. पाच मिनिटांनी धुऊन 25 टक्के सल्फ्युरिक आम्ल घालायचं. बाकी सगळ्या गोष्टींचा लाल रंग आम्लानं निघून जातो. क्षयाच्या जंतूभोवती मेणासारखं आवरण असतं, त्यामुळे तो रंग सोडत नाही. शेवटी मेथिलीन ब्लूचा निळा हात. तेलाचा थेंब टाकून शंभरच्या भिंगाखाली काच धरली, की निळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल काड्या दिसतात. दिसल्या तर दिसल्या.

खरी परीक्षा काड्या दिसत नाहीत तेव्हा असते. भिंगातून एका वेळी काचेचा जेवढा गोल तुकडा दिसतो, त्याला क्षेत्र म्हणतात. नियम असा, की 100 क्षेत्रं पाहिल्याशिवाय 'निगेटिव्ह' लिहायचं नाही. शंभर क्षेत्रांत मिळून एक ते नऊ जंतू दिसले, तर नेमका आकडा लिहायचा. दहा ते नव्व्याण्णव असतील तर एक अधिक, आणि त्याहून दाट असतील तर दोन किंवा तीन अधिक. तीन अधिकची काच पहिल्या काही क्षेत्रांतच आपलं गुपित सांगून टाकते. निगेटिव्ह काचेला मात्र प्रत्येक वेळी पुरा वेळ द्यावा लागतो आणि त्या वेळाचा साक्षीदार कुणीही नसतो. तीस क्षेत्रं पाहून 'निगेटिव्ह' लिहिणाऱ्याचा आणि शंभर पाहून लिहिणाऱ्याचा कागद हुबेहूब सारखा दिसतो. फरक पडतो तो पाड्यावरच्या घरात. तिथे निगेटिव्ह ठरलेला माणूस खोकत राहतो आणि शेजारी त्याचं नातवंड झोपलेलं असतं.

प्रामाणिकपणे पाहूनही ही पद्धत काही रुग्ण हुकवते. बेडक्याच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण 5 ते 10 हजार जंतू असल्याशिवाय ते भिंगाखाली सापडण्याची खात्री नसते. म्हणून आता जनुकीय चाचण्या आल्या आहेत. त्यांतली ट्रूनॅट ही गोव्याच्या मोलबायो कंपनीची. बॅटरीवर चालते आणि लहान दवाखान्यात ठेवता येते. यंत्र आलं म्हणून माणसाचं काम संपलं नाही. डबीत लाळच असेल, तर यंत्रही लाळेचाच निकाल सांगणार.

पर्यवेक्षक नेमकं काय करतो

देशाच्या क्षयरोग कार्यक्रमात 'वरिष्ठ क्षयरोग प्रयोगशाळा पर्यवेक्षक' असं एक पद आहे. कार्यक्रमाच्या मूळ आखणीत 5 लाख लोकसंख्येमागे एक आणि आदिवासी-डोंगराळ भागात अडीच लाखांमागे एक असा हा माणूस धरला होता. दवाखान्यात त्याला सगळे 'एसटीएलएस' म्हणतात. आपल्या हद्दीतल्या प्रत्येक केंद्रावर फिरून तिथली तपासणी विश्वासाची आहे की नाही, हे पाहणं त्याचं काम.

वाचून झालेली काच फेकायची नसते. ती क्रमानं खोक्यात ठेवायची असते. पर्यवेक्षक केंद्रावर आला, की त्यातल्या काही पॉझिटिव्ह आणि काही निगेटिव्ह काचा काढून स्वतः पाहतो. शिवाय दर महिन्याला काही काचा चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडून फेरतपासणीला जातात. त्या पाहणाऱ्याला आधीचा निकाल सांगितला जात नाही, कारण निकाल ठाऊक असला की डोळे तेच पाहतात. दोघांचं जमलं नाही, तर तिसरा पाहतो.

चूक सापडल्यावर चांगला पर्यवेक्षक आवाज चढवत नाही, कारण शोधू लागतो. थर जाड झाला होता का? रंग जुना झाला होता का? भिंगावर बुरशी आली आहे का? जव्हारच्या पावसाळ्यात ओल सगळीकडे शिरते. कोरडी ठेवली नाही तर सूक्ष्मदर्शकाची काच धुरकट होते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तंत्रज्ञावर दिवसाला किती काचा पडतात? एका माणसानं दिवसात 20-25 हून जास्त काचा पाहू नयेत असं मानतात, कारण पुढे डोळा थकतो. रजेवर गेलेल्याचं काम दुसऱ्यावर पडलं असेल, तर चुकीचं कारण त्या रिकाम्या खुर्चीत असतं. हे वरच्यांना लिहून कळवणं आणि खालच्याला पाठीशी घालणं, दोन्ही पर्यवेक्षकालाच करावं लागतं. हाताखालच्या पोराला त्यानं सगळ्यांदेखत झापलं, तर पुढच्या महिन्यात चुका कमी होत नाहीत, लपवल्या जातात.

नोंद ठेवणाराच वाचतो

प्रयोगशाळेत वहीला इतकं महत्त्व का, हे मुंबईच्या एका जुन्या प्रकरणातून नीट कळतं. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे परळला मोठी प्रयोगशाळा उभी राहिली. 1902 मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी 107 जणांना लस टोचली. त्यांतल्या 53-एन क्रमांकाच्या एकाच बाटलीतून टोचलेले 19 जण धनुर्वातानं दगावले. ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर आणि हाफकिन यांच्यावर आला. नंतर नोंदी आणि जबान्या तपासल्या गेल्या. गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करता वापरला गेला, हे पुढे आलं. बाटली उघडणाऱ्या डॉक्टरनं तिचा वास घेतला होता आणि त्यात काही वावगं आढळलं नव्हतं, हीही नोंद होती. धनुर्वाताचे जंतू आधीपासून आत वाढत असते, तर घाण वास आला असता. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी बाजू मांडली आणि 1907 मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले. बाटलीवर क्रमांकच नसता, तर दोष कुठल्या टप्प्यावर शिरला हे शोधायला जागाच उरली नसती. परळच्या त्या संस्थेला 1925 पासून हाफकिन यांचं नाव आहे.

मोखाड्याच्या दवाखान्यात डबीवर आणि काचेवर तोच नंबर आहे ना, हे पुन्हा पुन्हा पाहणारा पर्यवेक्षक याच शहाणपणाचा वारसदार असतो. एका पाड्यावर एकाच आडनावाची, एकाच नावाची दोन-तीन माणसं सहज निघतात. नंबर चुकला, तर एकाचा आजार दुसऱ्याच्या नावावर चढतो.

सिकलसेल आणि सहा महिन्यांचं बाळ

सिकलसेलची गोष्टही काचेपासूनच सुरू होते. शिकागोच्या एका रुग्णालयात 1904 मध्ये अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टरनं एका विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी पाहिल्या आणि त्यांचं चित्र काढून ठेवलं. त्याचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी 1910 मध्ये त्यावर लेख लिहिला आणि आजाराला हेरिक यांचं नाव चिकटलं. काच पाहणाऱ्याचं नाव मागे पडलं. भारतात 1952 मध्ये निलगिरीतल्या आदिवासींमध्ये हा दोष प्रथम नोंदवला गेला. पुढे विदर्भ, खानदेश आणि सह्याद्रीच्या आदिवासी पट्ट्यातही तो सापडला. देशपातळीवर सिकलसेल निर्मूलनाची मोहीम 1 जुलै 2023 रोजी सुरू झाली. उद्दिष्ट आहे 2047 चं.

दोष अगदी बारीक आहे. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं. प्राणवायू कमी पडला की असं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटतं, पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. मग सांधे, हाडं, पोट असह्य दुखतं. आई-वडील दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला पूर्ण आजार होण्याची शक्यता 25 टक्के, नुसतं वाहक होण्याची 50 टक्के. वाहकाला मात्र हिवतापापासून थोडं संरक्षण मिळतं, हे अँथनी अ‍ॅलिसन यांनी 1954 मध्ये दाखवलं. हिवतापाच्या पट्ट्यात हा दोष पिढ्यान्‌पिढ्या का टिकला, याचं उत्तर त्यात आहे.

शाळेत किंवा पाड्यावर पहिली तपासणी करतात ती सोल्युबिलिटी चाचणी. नळीतल्या द्रावणात रक्ताचा थेंब टाकायचा आणि नळीमागे छापील ओळी धरायच्या. ओळी स्वच्छ वाचता आल्या तर निगेटिव्ह, गढूळपणात हरवल्या तर पॉझिटिव्ह. इथेही चांगल्या तंत्रज्ञाला दोन गोष्टी पाठ असतात. गढूळ द्रावण वाहक कोण आणि रुग्ण कोण हे सांगत नाही. त्यासाठी पुढची तपासणी लागते. आणि सहा महिन्यांखालच्या बाळात गर्भातलं हिमोग्लोबिन अजून बरंच असतं, म्हणून त्याचा 'निगेटिव्ह' खरा धरायचा नाही. नुकतंच बाहेरचं रक्त चढवलेल्या रुग्णाचंही तेच. हे न कळणाऱ्याच्या हातून लेकरू सुखरूप म्हणून घरी जातं आणि वर्षभरानं हातापायांना सूज घेऊन, रडत परत येतं.

रक्तगटाचंही असंच. 1952 मध्ये मुंबईत डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये एक नवा रक्तगट नोंदवला, तो जगभर 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणून ओळखला जातो. नेहमीच्या तपासणीत हा गट 'ओ' दिसतो. खरं तर 'ओ' गटातही असणारा एच हा घटक त्यात नसतो, म्हणून 'ओ'चं रक्त चढवलं तर ते जिवावर बेततं. रक्त देण्याआधी उलट बाजूनंही गट तपासायचा आणि दात्याचं व रुग्णाचं रक्त एकत्र करून पाहायचं, हा कंटाळवाणा वाटणारा नियम अशा दुर्मीळ माणसांचे प्राण वाचवतो. अडलेली बाळंतीण दारात आहे, रात्र आहे, सगळे घाई करतायत, अशा वेळी तो नियम न मोडणारा माणूस हवा.

घरच्या माणसांना जे माहीत असतं

अशा माणसाच्या घरी काही सवयी आपोआप रुजतात. दारातून आल्यावर पोराला उचलून घेण्याआधी कोपरापर्यंत साबणानं हात धुणं. कामाचे कपडे वेगळे ठेवणं. रात्री फोन वाजला की कारण न विचारता चहा टाकणारी बायको. प्रयोगशाळेत क्षयाचे, काविळीचे नमुने रोज हाताळावे लागतात. एकदा सुई टोचली, तरी पुढचे काही महिने घरात धाकधूक असते. 2020 मध्ये कोविडचे स्वॅब आले, तेव्हा अनेक तंत्रज्ञ घरात राहूनही वेगळ्या खोलीत जेवले. कितीतरी जणांची नोकरी कंत्राटी असते. दरवर्षी मुदतवाढीची वाट पाहायची आणि तोवर घराचे हप्ते भरायचे.

घरच्यांनाही माहीत नसलेली एक गोष्ट असते. जव्हारसारख्या गावात प्रयोगशाळेतल्या माणसाला अर्ध्या तालुक्याची गुपितं ठाऊक असतात. कुणाला क्षय आहे, कुणाची एचआयव्ही चाचणी पॉझिटिव्ह आली, कुणाच्या होणाऱ्या सुनेच्या रक्तात सिकलसेल आहे. लग्नाच्या पंगतीत तो त्याच माणसांच्या मांडीला मांडी लावून जेवतो आणि चेहऱ्यावर काही दिसू देत नाही. एचआयव्हीबाबत ही गुप्तता 2017 च्या कायद्यानं बंधनकारक केली आहे. पण लहान गावात कायद्याआधी माणसाची जीभ विश्वासाची असावी लागते. बायकोलाही न सांगता वर्षानुवर्षं ही ओझी वाहणं हा त्याच्या भलेपणाचा मोठा भाग असतो आणि शोकसभेत त्याचा उल्लेख होऊच शकत नाही. बोललं जाणार नाही असं तो वागला, म्हणूनच.

घरचा चांगला माणूस आणि कामातला चांगला माणूस यांत मला म्हणूनच अंतर दिसत नाही. पोराचं गणित तिसऱ्यांदा समजावताना लागणारा धीर आणि चौऱ्याण्णवावं क्षेत्र पाहताना लागणारा धीर एकच. सगळ्यांना घाई असताना आपण थांबायचं, न दिसणाऱ्याशीही इमान राखायचं, हा स्वभाव घरी एक आणि दवाखान्यात दुसरा असा ठेवता येत नाही.

आठवण कशी ठेवावी

15 एप्रिल हा जगभर प्रयोगशाळा कर्मचाऱ्यांचा दिवस म्हणून पाळतात. त्या दिवशी हार घालणं चांगलंच. पण जव्हार-मोखाड्यात कुणा पर्यवेक्षकाची आठवण खरोखर ठेवायची असेल, तर काही गोष्टी मागून घ्याव्या लागतील. त्याची जागा रिकामी राहू नये. तंत्रज्ञ रजेवर गेला, तर बदली माणूस यावा. प्रयोगशाळेच्या खोलीला खिडक्या असाव्यात आणि वारा आरपार जावा, कारण क्षयाच्या डब्या उघडणाऱ्याचा तोच पहिला बचाव. मुदतवाढीच्या चिंतेत असलेल्या माणसाकडून शंभर क्षेत्रांची अपेक्षा करायची, तर त्याला उद्याची खात्री द्यावी. हे सगळं ग्रामसभेत आणि रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत मागता येतं.

रुग्ण म्हणून आपल्या हातातही थोडं असतं. डबीत बेडकाच द्यावा. नाव-गाव स्पष्ट सांगावं, आधी रक्त चढवलं असेल तर तेही. 'निगेटिव्ह' आलं आणि खोकला किंवा ताप तरीही जात नसेल, तर पुन्हा जावं. चांगल्या पर्यवेक्षकाला याचा कधी राग येत नाही, उलट त्याला तेच हवं असतं. वीटभट्टीवर निघण्याआधी रिपोर्ट घेऊन जावा, म्हणजे उपचार सुरू व्हायला शिमग्यापर्यंत वाट पाहावी लागत नाही.

आणि गेलेल्या माणसाच्या घरी भेटायला गेलात, तर त्याच्या बायकोला, मुलांना एवढं जरूर सांगा: तालुक्यातले किती लोक वेळेवर औषध मिळून बरे झाले, याचा हिशेब कुणाकडे नाही, पण त्या हिशेबात तुमच्या माणसाचा वाटा होता. ज्यांच्या कागदावर त्यानं 'निगेटिव्ह' लिहिलं, ते निर्धास्त झोपले, कारण त्या एका शब्दाआधी त्यानं काच शेवटपर्यंत पाहिली होती. त्याच्या हाताखाली शिकलेली पोरं आज त्याच मुलखात शंभर क्षेत्रं मोजतायत. त्यांना त्याचं नाव विचारा, ती आदरानं सांगतील.